सुगीतला निळा पट्टा

ज्वारी निघाली की आमच्याकडं रान एकदम लांबवर दिसायला लागतं. थंडीभर वस्तीभोवती डोक्यावर जाणारी ज्वारीची भिंत उभी असते. बांधावर कोण आलं हे खोकल्यावरून ओळखायचं, म्हैस कुठं शिरली हे शिव्यांवरून. मग सुगी येते. बायामाणसं ओळीनं उपटत पुढं सरकतात, कडब्याच्या पेंढ्यांचे पाचुंदे आडवे होतात, आणि एका सकाळी दार उघडावं तर समोर डांबरी रस्ता. परंड्याहून कुर्डुवाडीला जाणारी एसटी घरातून दिसते. कोणाचं धुणं वाळतंय, कोणाच्या दारात पाहुणे आलेत, सगळं उघडं.

मला सुगी आवडते ती या उघडेपणासाठी. बाकी तिच्यात आवडण्यासारखं फारसं काही नाही. ज्वारीची कूस, ते बारीक टोचरं तूस, मानेवरून पाठीत उतरते आणि कितीही अंघोळ केली तरी दोन दिवस चावत राहते. तळहात सोलतात. कडब्याचा वास लोकांना छान वाटतो, पण ज्यांना तो रचावा लागत नाही त्यांना.

यंदाही रान असं मोकळं झालं आणि सकाळचं दूध उरकून मी ओट्यावर कॅन उपडे घालत होते. समोरच्या रानातून एक पांढरी जीप धूळ उडवत आली. टपावर नारिंगी तारेची रिळं बांधलेली. ती बघून हातातला कॅन मी खाली ठेवला. आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी याच रिळांनी आमची एक अख्खी सुगी खाल्ली होती.

मी दूध संकलन केंद्र चालवते. मशीनमध्ये थेंबभर दूध सोडलं की फॅट किती, पाणी किती, ते आकड्यात दिसतं. माणूस काहीही सांगो, आकडा सांगतो ते खरं. त्यावरून रोज भांडणं होतात. ‘वहिनी, तुमचं मशीन माझ्यावर रुसलंय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मान वर करत नाही. मशीनला रुसायला वेळ नसतो, मलाही नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण त्या सुगीत पहिल्यांदा मी दुसऱ्याच एका मशीनसमोर उभी राहून मनात म्हणत होते की बाबा, एवढा आकडा खोटा निघू दे.

आमच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची विहीर एकच. तिला ‘गोडी’ म्हणतात. बाकी बोअरांचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गोडीला मात्र कडक उन्हाळ्यातही तळाशी हंडाभर पाणी असतं. मी या वस्तीवर नांदायला आले तेव्हा सासरच्या माणसांनी घर दाखवायच्या आधी विहीर दाखवली होती. तेव्हा हसू आलं होतं. पुढं टँकरचे उन्हाळे बघितले, पाइपाखाली भांडी लावायला धावताना बायांची डोकी फुटलेली बघितली, आणि हसू बंद झालं.

वस्तीच्या वरच्या अंगाला पूर्वी मळीपासून स्पिरिट काढायचा एक लहानसा कारखाना होता. तो कधीच बंद पडला. पत्रे गेले, दारं गेली, मागं राहिला तो त्याच्या सांडपाण्याचा मोठा खड्डा. त्यात काकवीसारखं काळं पाणी असायचं. उन्हाळ्यात त्यावर साय धरायची आणि वारा फिरला की सडक्या गुळाचा वास घरात यायचा. आम्ही खिडकी लावून घ्यायचो. वासाची खिडकी लावता येते. खाली जमिनीत काय चाललंय त्याला खिडकी नव्हती.

पहिल्यांदा ते कळलं शेवंतामावशींच्या म्हशीला. शेवंतामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. मेंढरं, म्हशी आणि जिभेला हाड नाही अशी त्यांची ख्याती. खड्ड्याच्या उताराला त्यांचं रान आहे. तिथल्या बोअरच्या हौदावर म्हैस गेली, नाक लावलं आणि मागं सरकली.

‘‘सुमन, माजी म्हैस पानी हुंगून माघारी फिरली बग,’’ मावशी दूध घालताना म्हणाल्या.

‘‘तहान नसेल तिला.’’

‘‘तान न्हाय व्हय! घरला येऊन दोन बादल्या पिली. तिला समजतंय, तुमच्या मशीनला न्हाय समजत.’’

मी जाऊन हौद बघितला. पाणी फिक्या चहासारखं आणि वास ओळखीचा. त्या क्षणी मला म्हैस, बोअर, मावशी यातलं काही आठवलं नाही. डोळ्यांपुढं आली ती गोडी. खड्डा वर, बोअर मध्ये आणि विहीर खाली. एवढं तर शाळेत न गेलेल्यालाही जोडता येतं.

पुढं अर्ज झाले, धाराशिवला खेटे झाले, बाटल्यांतून नमुने गेले. विहिरीचं पाणी चांगलं आलं. पण ते आजचं. खड्ड्यातून निघालेलं पाणी जमिनीखालून येतच असेल तर उद्याचं काय, ते बाटली सांगत नाही. शेवटी जागा साफ करायची असं ठरलं आणि आधी जमिनीखालचा नकाशा काढायला माणसं आली. त्यांच्या प्रमुख होत्या अनघा मॅडम. वय तिशीचं, डोक्याला पुरुषी टोपी, आवाज एवढा बारीक की रानात त्यांना शिट्टी वापरावी लागायची.

‘‘थेट खोदायलाच घ्या की मॅडम,’’ माझे दीर बापू म्हणाले. ‘‘जेसीबी मी आणतो.’’

‘‘कुठं खोदायचं, बापू?’’

बापूंनी सगळ्या रानाकडं हात फिरवला.

‘‘तेच तर,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आधी कळू दे ते पाणी कुठवर गेलंय. विहिरीकडं गेलं असेल, तर विहीर बंद करावी लागेल. कायमची.’’

त्यानंतर कोणी जेसीबीचं नाव काढलं नाही.

त्यांचं काम सुगीशिवाय होण्यासारखं नव्हतं. उभ्या पिकात तार ओढता येत नाही. म्हणून आमची ज्वारी निघेल तशी त्यांची तार पुढं सरकायची. सरळ रेषेत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना नारिंगी तार जोडायची, टोकाला एक पेटी आणि गाडीची बॅटरी. पेटी जमिनीत थोडी वीज सोडते आणि ती कुठं सहज जाते, कुठं अडते ते मोजते. कोरडा दगड विजेला अडवतो. खारट ओल तिला वाट देते. मळीचं पाणी क्षारांनी भरलेलं, त्यामुळं वीज त्यातून पळत सुटते. म्हणजे आमच्या फॅट मशीनचंच भावंड. दुधाऐवजी शेत तपासणारं. मला ते पहिल्या दिवशीच पटलं.

अडचण अशी की सुगीतलं काळं रान म्हणजे वीतभर भेगा. खुंटी ठोकली तरी मातीला धरत नाही. मग मॅडमची माणसं प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायची. शेवंतामावशी कणसं मोडता मोडता हे बघत होत्या.

‘‘काय गं बाय, मिठाचं पानी वतून गोडं पानी हुडकतेत व्हय?’’

‘‘गोडं नाही मावशी, घाण शोधतोय,’’ मॅडम हसत म्हणाल्या.

‘‘मग आमच्या बापूच्या घरापासून धरा की.’’

बापू शेजारीच उभे होते. सगळं रान हसलं, बापूंसकट.

पण मॅडम जे म्हणाल्या ते त्या हसण्यात वाहून गेलं. आमच्या भागात जमिनीत तार लावून बसलेला माणूस एकच काम करतो, तो पाणी बघतो. बोअर घ्यायच्या आधी असं मशीन आणणारे येतात, त्याआधी तळहातावर नारळ घेऊन फिरणारे यायचे. घाण शोधायला कोणी तार लावतं हे लोकांनी ऐकलं, पण कानाच्या आत घेतलं नाही. जो तो बांधावरून जाताना विचारायचा, ‘‘लागलं का?’’ एसटी थांब्यावर हळू झाली की खिडकीतून कंडक्टर विचारायचा, ‘‘लागलं का, वहिनी?’’ पहिले काही दिवस मी समजावून सांगितलं. मग नुसतीच मान हलवायला लागले.

एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी लॅपटॉपवर नकाशा उघडला. जमीन उभी चिरून बाजूनं बघावी तसं चित्र. वर पिवळं-हिरवं, खाली लाल, आणि मध्ये खड्ड्यापासून निघालेला एक गर्द निळा पट्टा. तो पूर्वेकडं, आमच्या पडीक तुकड्याखाली जाऊन पसरला होता.

बापू त्या निळ्याकडं बघतच राहिले. बापूंबद्दल सांगायला हवं. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, मनानं सरळ, कामाला वाघ. पण त्या पडीक तुकड्यात पाणी लागावं एवढी एकच इच्छा घेऊन ते म्हातारे होत आलेत. तिथं घेतलेली प्रत्येक बोअर धुरळा उडवून कोरडी गेली. मॅडम बोलत होत्या. बापूंना ऐकू येत नव्हतं. चित्र पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गर्दी असताना लांबून घरघर ऐकू आली. रान मोकळं असल्यामुळं दिसलंही लगेच. बोअरची उंच गाडी डांबरी सोडून आमच्या पडिकाच्या वाटेला लागली होती. आणि पडिकात चुन्याचा एक गोल, त्यात हळदकुंकू, फुटलेला नारळ, आणि धुतलेला शर्ट घालून उभे बापू.

मी माप टाकून धावले.

‘‘बापू, हे काय?’’

‘‘वहिनी, तुमीच बगितलं न्हवं काल? निळं!’’

‘‘अहो, निळं म्हणजे घाण. मॅडम घसा फोडून सांगत होत्या.’’

‘‘निळं म्हंजी घान? शाळंतल्या नकाशावर समुद्र कसल्या रंगाचा असतोय?’’ बापूंचा चेहरा उजळला होता. ‘‘आन म्या हातावर नारळ घेऊन बी बगितलं. बरूबर हितंच उभा ऱ्हायला. मशीन आन नारळ एका जागंवर! असं कदी झालंय व्हय?’’

नव्हतं झालं. बापूंच्या आयुष्यात नारळ आणि मशीन पहिल्यांदाच एकमताचे झाले होते, आणि नेमके चुकीच्या जागी. मला ओरडताही येईना. जो माणूस आयुष्यभर या एका जागेकडं बघत आला, त्याला त्या जागेनं पहिल्यांदा हो म्हटलं होतं.

पण वेळ नव्हता. तिथं बोअर पडली असती तर वरचं काळं पाणी त्या भोकातून सरळ खालच्या खडकातल्या झऱ्यांत उतरलं असतं, आणि मग गोडी काय, शिवारातला कुठलाच झरा वाचला नसता. हे मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, कारण मला आकड्यांच्या माणसाचं ऐकायची सवय आहे.

मी माघारी वळले आणि दूध घालायला आलेल्या बायांना हाक मारली. रिकामे कॅन उचलले आणि अरुंद वाटेवर आडव्या ओळीत मांडले. शेवंतामावशी काही न विचारता आपली म्हैस घेऊन आल्या आणि कॅनच्या पुढं उभी केली. गाडी थांबली. ड्रायव्हर तमिळ मुलखातला, त्याला मराठी येईना, मला त्याची भाषा. मी मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘‘नीचे पानी नहीं, जहर है.’’ त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, चुन्याच्या गोलाकडं बघितलं. वाट बघणाऱ्या माणसांचे असे गोल त्यानं पुष्कळ बघितले असावेत. त्यानं गाडी मागं घेतली.

 संध्याकाळी मॅडम बापूंना मावशींच्या त्या बोअरवर घेऊन गेल्या. पंप सुरू केला आणि ओंजळीत पाणी घेऊन बापूंच्या नाकाशी धरलं. बापूंनी वास घेतला आणि म्हशीसारखेच मागं सरकले. ‘‘ह्ये हाय व्हय निळं?’’ एवढंच म्हणाले.

तिथं ती सुगी संपली असती तर बरं झालं असतं. पण विहिरीच्या बाजूची तार ओढायची राहिली होती. ती ओढली, आणि गोडीपासून हाकेच्या अंतरावर आणखी एक निळा डाग आला. लहान, पण गर्द. मोठ्या पट्ट्यापासून तुटलेला दिसत होता. खरंच तुटलेला होता की मधली वाट मशीनला दिसली नव्हती, ते मॅडमनाही ठामपणे सांगता येईना.

‘‘चिकण मातीसुद्धा निळी दिसते, ताई. ओल धरून ठेवते ना. माती आहे की घाण, ते वरून नाही सांगता येत. भोक पाडून बघावं लागेल.’’

‘‘कधी?’’

‘‘गिरमिट लातूरहून यायचंय.’’

तेव्हा मला ते मशीन रुसल्यासारखं वाटलं. रोज लोक मला जे म्हणतात ते सगळं मी त्या पेटीला मनातल्या मनात म्हणून घेतलं. गिरमिट येईपर्यंतचे दिवस आठवतात ते बारीकसारीक गोष्टींनी. मळणी यंत्राचा आवाज. नव्या ज्वारीची पहिली भाकरी, आणि ती खाताना सगळ्यांचं लक्ष तांब्याकडं. बाया विहिरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळायच्या. पोहरा वर आला की आधी नाकाशी जायचा. माझ्या घरात मी घागर, कळशी, पिंप, होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवलं. त्याचा काही उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं. हात रिकामे ठेवता येत नाहीत, एवढंच.

गिरमिट आलं त्या दिवशी सुगी सोडून सगळी वस्ती विहिरीपाशी. हातानं फिरवायचं लांब लोखंडी गिरमिट, दोन माणसं दोन्ही बाजूंना. फिरवायचं, उपसायचं, माती फडक्यावर मांडायची. वरची काळी माती, मग भुरी. मग गिरमिट जड झालं आणि वर आली ती निळसर काळी, लोण्यासारखी चिकण माती. मॅडमनी तिचा वास घेतला. पाण्यात कालवून मीटर लावला. पुन्हा लावला.

आपल्याकडं ‘लागणं’ हा शब्दही अजब आहे. पाणी लागतं, तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, आग लागते. चांगलं-वाईट सगळं एकाच शब्दात लागतं. काय लागलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

बापूंना राहवलं नाही. ‘‘मॅडम, लागलं का?’’

‘‘नाही लागलं!’’ मॅडम त्या बारीक आवाजात ओरडल्या.

आणि सगळ्या गर्दीतून एकदम आवाज आला, ‘‘अरेरेरे...’’

माणसांनी माना खाली घातल्या. दोन म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. ज्यांच्या कानांनी आयुष्यभर ‘नाही लागलं’ हे एकाच दुःखासाठी ऐकलं, त्यांना दुसरं काय ऐकू येणार?  मग शेवंतामावशींनी मान वर केली.

‘‘अगं बया, घान न्हाय लागली म्हंत्यात बाई! रडताय कशाला, मुडद्यांनो?’’

आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. बापू तर मातीत बसून हसले. मी हसले की नाही ते आठवत नाही. विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते, एवढं आठवतं.

ती निव्वळ चिकण माती होती. पूर्वी तिथं म्हशी डुंबायचं डबकं असावं, ते गाळानं भरलं, असं मॅडम म्हणाल्या. शेवंतामावशी लगेच म्हणाल्या, ‘‘म्या तर आदीपासून म्हनत हुते.’’

‘‘कधी म्हणाला होतात, मावशी?’’ मी विचारलं.

‘‘मनात.’’

पुढं खड्डा उपसला. काळी माती गाड्या भरून गेली. पट्टा कुठून कुठं जातो हे कळलेलं असल्यामुळं त्याच्या तोंडाशी नेमक्या जागी पंप बसले आणि चहाच्या रंगाचं पाणी उपसून टाकीत जायला लागलं. विहिरीकडच्या रानाला कुदळही लागली नाही. नकाशा नसता तर अर्धं शिवार उकरून पडलं असतं आणि भीती जिथल्या तिथं राहिली असती. ती सुगी गेली, तिच्यानंतरची गेली. टाकीतल्या पाण्याचा चहा हळूहळू पातळ होत आला.

आज मॅडम पुन्हा त्याच रेषेवर खुंट्या ठोकतायत, फरक किती पडला ते बघायला. टोपी तीच. मिठाचं पाणी ओतायचं काम या खेपेला बापूंनी स्वतःकडं घेतलंय. कोणी खुंटी वाकडी ठोकली तर ओरडतात. मघाशी लॅपटॉपवर दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावली. गर्द निळा पट्टा अरुंद झालाय, टोकाला तुटत आलाय, आणि बापूंच्या पडिकाखाली पुष्कळसं पिवळं उतरलंय.

‘‘वहिनी, बगा,’’ बापू बोट ठेवून म्हणाले, ‘‘आमच्या रानात आता टिपूस न्हाय!’’ आणि एवढे खूश दिसले की मी पाठ वळवून कॅन मोजायला घेतले. आमच्या तालुक्यात आपलं रान कोरडं निघालं म्हणून हसणारा हा पहिलाच माणूस असेल.

एवढ्यात रस्त्यावर एसटी हळू झाली. रानात तारा, खुंट्या, माणसं बघून जुन्या सवयीनं कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

‘‘काय वहिनी, लागलं का?’’

‘‘न्हाय लागलं!’’ मी ओट्यावरून दोन्ही हात वर करून ओरडले. मागून बापू, मावशी, मॅडम सगळ्यांनी साथ दिली. ‘‘न्हाय लागलं!’’

कंडक्टरनं च् च् करत मान हलवली आणि घंटी दिली. बिचारा कुर्डुवाडीपर्यंत हळहळत गेला असेल.